जास्तीचा एक तास

मी एक फाइल बोलतेय. नावाच्या आधी टिंब असलेली.

ज्या फाइलच्या नावाआधी टिंब असतं ती साध्या यादीत दिसत नाही. पाहुण्याला घर दाखवताना कुणी मोरी दाखवत नाही, तसंच आमचं. आम्ही असतो, कामाला येतो, पण आमचं नाव निघत नाही. मुद्दाम बोलावलं तरच आम्ही पुढे येतो, आणि आम्हाला मुद्दाम बोलावणारं माणूस वर्षा-दोन वर्षांत एखादं.

खरं सांगायचं तर मी दमले आहे. मला गंज चढत नाही, वाळवी लागत नाही. पण कुणी विचारलं की त्याच ओळी, त्याच क्रमाने सांगायच्या, आणि त्या अजून खऱ्या आहेत की नाहीत हे स्वतःला कधीच तपासता यायचं नाही, याचाही एक शीण असतो.

माझा जन्म सांगाड्यातून झाला. हे अलंकारिक बोलणं नव्हे. कॉम्प्युटरवर नवं खातं उघडलं की नमुन्याच्या काही फायली एका कप्प्यातून नव्या घरात उतरवल्या जातात, आणि त्या कप्प्याचं नावच सांगाडा आहे. मी त्यातलीच एक. तेव्हा माझ्यात चार-सहा ओळी होत्या आणि त्याही सगळ्या जगासाठी सारख्याच.

घर मात्र मला वेगळं मिळालं. इमी-न-असिफ गावात, समुद्राच्या वरच्या कड्यावर, शिंपले काढणाऱ्या बायकांच्या सहकारी संस्थेची एक खोली आहे. खाली खडकांवरून काळे शिंपले काढायचे, वर आणून उकडायचे, धुरावर धरायचे, वाळवायचे आणि अगादीर शहराला पाठवायचे, हे त्यांचं काम. खोलीत तराजू, बर्फाची पेटी, चहाची किटली आणि कोपऱ्यात तो कॉम्प्युटर. मला डोळे नाहीत. पण खोलीतलं बोलणं कानावर पडतं, त्या बायका हळू बोलत नाहीत, आणि जे दिसत नाही ते मी त्यावरून जुळवते.

माझा पहिला धनी बेलईद. संस्थेचा हिशेबनीस. कुणी शिकवलं नाही, आपलं आपण शिकला. दिवसभर खोलीत बसायचा आणि संध्याकाळी घरून, तारेवरून, इथल्या यंत्रात यायचा. असं बाहेरून दाराशी येऊन, नाव आणि परवलीचा शब्द सांगून कुणी आत आलं की यंत्र आधी मला वाचतं. वेळ कुठल्या प्रदेशाची धरायची, कुठले प्रोग्राम कुठल्या वाटेने शोधायचे, हे सगळं मी सांगते आणि मग काम सुरू होतं. मात्र जो आधीपासून आत बसलेला आहे आणि पडद्यावर नुसती एक काळी खिडकी उघडतो, त्याला माझी गरज नसते. त्याच्यासाठी माझी धाकटी बहीण आहे. तिच्याही नावाआधी टिंबच. आणि ज्या स्क्रिप्ट, म्हणजे आज्ञांच्या याद्या, ठरल्या वेळी आपोआप चालतात, त्या आम्हा दोघींनाही विचारत नाहीत. त्यांना यंत्राचा पहारेकरी उठवतो. उपाशीपोटी, उघड्या अंगाने, जशा असतील तशा.

हा फरक लक्षात ठेवा. सगळं दुखणं त्यातच आहे.

माझ्या अंगावर जी ओळ आली तिची गोष्ट अशी. या देशात उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे करायचे आणि हिवाळ्यात मागे. एका वर्षी घड्याळं मागे जायच्या ऐन दोन दिवस आधी सरकारने सांगितलं, यंदा मागे जायचं नाही, कायम पुढेच राहायचं. माणसांना कळलं. यंत्रांना कोण सांगणार? रविवारी सकाळी सगळ्यांचे फोन आपापल्या मनाने मागे गेले. अर्ध्या गावाचे आठ वाजले होते, अर्ध्याचे सात. बेलईद त्या दिवशी खोलीत येऊन सरकारच्या सात पिढ्यांचं नाव घेत बसला होता. शेवटी त्याने मला उघडलं आणि एक ओळ लिहिली. वेळ कायम एक तास पुढची धर, कुणाचं काही ऐकू नकोस, अशा अर्थाची. आणि तिच्या वर शेरा: ‘तात्पुरतं. अपडेट आल्यावर काढणे. बेलईद.’

अपडेट आलं. थोड्याच दिवसांत यंत्राला नवा नियम कळला. रमजानचा महिनाभर इथली घड्याळं एक तास मागे घेतात आणि ईदनंतर पुन्हा पुढे करतात, हेसुद्धा त्याला पुढच्या कित्येक वर्षांसाठी ठाऊक झालं. फक्त माझी ओळ राहिली.

ती राहिली कारण ती टोचत नव्हती. अकरा महिने तिची वेळ आणि देशाची वेळ एकच. रमजानात बेलईद घरून आत यायचा तेव्हा त्याला एक तास पुढची वेळ दिसायची. एकदा त्याने ती पाहिलीही. ‘हं’ म्हटलं, मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं आणि कामाला लागलो, असं दुसऱ्या दिवशी खोलीत सांगत होता. माणसांची ही सवय मी पुष्कळ वेळा पाहिली आहे. चुकीची वस्तू दिसली की तिच्या शेजारची बरोबर वस्तू बघायची, आणि समाधान मानायचं.

पुढे बेलईदने ओहोटीचे निरोप सुरू केले. रोज दुपारी चार वाजता पहारेकरी एक स्क्रिप्ट उठवायचा. ती एका प्रोग्रामला उद्याच्या ओहोटीची वेळ विचारायची आणि सगळ्या बायकांच्या फोनवर पाठवायची. ती स्क्रिप्ट मला वाचत नव्हती, म्हणून ती कधी चुकली नाही. रमजानातसुद्धा नाही.

मग बेलईदला दूर दक्षिणेला, दाख्लाच्या बंदरावर मासळीच्या शीतगृहात नोकरी लागली. त्याच्या खुर्चीवर तूदा आली. अगादीरला दोन वर्षं शिकून परतलेली, शांत, नखं खायची सवय असलेली मुलगी. जाताना बेलईद तिला म्हणाला, “या टिंबवाल्या फायलींना हात लावू नकोस. चालतंय ना? चालू दे.”

तिने ऐकलं. तिला माझ्याशी काम पडण्याचं कारणही नव्हतं. ती खोलीतच बसायची, काळी खिडकी उघडायची. माझ्या बहिणीची आणि तिची रोजची ओळख. मी दाराशी, एकटी.

गेल्या हिवाळ्यात यंत्राची व्यवस्था नवी केली आणि ओहोटी सांगणारा जुना प्रोग्राम गेला. बेलईदने दाख्लाहून तारेवरून यंत्रात येऊन नवा आणला आणि खात्याच्या घरातल्याच एका कप्प्यात ठेवला. पण दुपारी चारला स्क्रिप्ट उठली ती ओरडतच, प्रोग्राम सापडत नाही म्हणून. त्या कप्प्याची वाट फक्त मला माहीत होती.

“सोपं आहे,” बेलईद फोनवर म्हणाला. “स्क्रिप्टच्या डोक्यावर एक ओळ घाल. आधी त्या फाइलला वाच म्हणावं, मग पुढचं काम कर.”

तूदाने घातली. निरोप गेला. सगळ्या खूश. इतक्या वर्षांनी मला रोज कुणीतरी विचारायला लागलं, म्हणून मीही खूशच होते. स्क्रिप्टने माझ्याकडून वाट घेतली, आणि वाटेबरोबर ती जुनी ओळही घेतली. हिवाळाभर कुणाला काही कळलं नाही, कारण कळण्यासारखं काही नव्हतं.

मग रमजान आला.

रमजान लागतो तो चंद्रकोरीवर, म्हणजे अमावास्येच्या पाठोपाठ. अमावास्या म्हणजे उधाण. त्या तीन-चार दिवसांत भरती चढते तशी ओहोटीही खोल जाते, आणि एरवी कायम पाण्याखाली असणारा बाहेरचा खडक उघडा पडतो. मोठे शिंपले तिथेच. पण त्या खडकाच्या आणि किनाऱ्याच्या मधे एक घळ आहे. पाणी परतायला लागलं की ते आधी त्या घळीत शिरतं. बायका समुद्राकडे तोंड करून वाकलेल्या असतात आणि त्यांच्या पाठीमागे वाट बंद होत असते. म्हणून एकजण काम न करता घड्याळ धरून बसते आणि वेळ झाली की हाक मारते. ती हाक आली की टोपली अर्धी असली तरी उठायचं, असा दंडक आहे. हाक मारायचं काम केल्तूमचं. सगळ्या तिला खाल्ती, म्हणजे मावशी म्हणतात.

निरोप गेला: ‘उद्या ओहोटी सकाळी नऊ.’ खरी ओहोटी होती आठला.

केल्तूमने नऊ धरून हाक मारली. तोवर घळीत छातीइतकं पाणी होतं. दोर धरून सगळ्या निघाल्या. केल्तूम शेवटची. लाटेने तिला खडकावर आपटलं आणि तिचा उजवा हात कोपराखाली मोडला. टोपल्या वाहून गेल्या. बायका वाचल्या.

दुसऱ्या दिवशी कुणीच खाली गेलं नाही. दुपारी सगळ्या खोलीत जमल्या. उपासाच्या दिवसातली दुपार, चहा नाही, त्यामुळे चढ्या आवाजाला उतार नाही. अध्यक्ष इज्जा, जिला सगळ्या मानाने ‘लाल्ला’ म्हणतात, ती बोलली.

“तुझं घड्याळ जुन्या वेळेचं, निरोप नव्या वेळेचा. एक तास इकडचा तिकडे झाला, केल्तूम. होतं माणसाचं. वय झालं.”

इथे निम्मं गाव अजून जुनीच वेळ पाळतं. लग्नाचं बोलावणं आलं तरी आधी विचारतात, जुने पाच की नवे पाच?

“वय माझं झालंय, घड्याळाचं नाही,” केल्तूम म्हणाली. प्लास्टर मांडीवर ठेवून बसली होती. “आणि रमजानात कसलं नवं न कसलं जुनं? अकरा महिने सरकार माझ्यापुढे एक तास धावतं. रमजान आला की दमून माझ्याकडे परत येतं. मी जागची हललेली नाही.”

बायका हसल्या.

“हसा, हसा. हसल्याने रोजा मोडत नाही. हात माझा मोडलाय.”

“उद्या उधाणाचा शेवटचा चांगला दिवस,” इज्जा म्हणाली. “नाही गेलो तर पुढचं उधाण पौर्णिमेला. उद्या हाक मारायला दुसरी कुणीतरी बसेल. तू आराम कर.”

हे केल्तूमच्या मनाला लागलं. तिला हात मोडल्याचं इतकं लागलं नव्हतं.

एकटी तूदा हसली नव्हती. ती हळूच म्हणाली, “खाल्ती, म्हणजे सध्या तुझं घड्याळ आणि माझा फोन एकच वेळ दाखवतात?”

“दाखव तुझा फोन.”

दोन्ही शेजारी धरली. एकच वेळ.

“मग तू चुकूच शकत नाहीस,” तूदा म्हणाली. “जुनी-नवी असं सध्या काही नाहीच.”

“हेच मी कालपासून ओरडतेय. पण हात मोडला की बाईचं तोंडही मोडलं असं समजतात इथे.”

तूदा यंत्रापाशी आली. कोपऱ्यातलं घड्याळ बघितलं. बरोबर. काळी खिडकी उघडून, प्रोग्रामचा पूर्ण पत्ता देऊन, त्याला हाताने विचारलं, कालची ओहोटी किती वाजता? उत्तर आलं, आठ. पाठवलेला निरोप काढून बघितला. नऊ.

“हाताने विचारलं तर खरं सांगतंय,” ती म्हणाली, “आणि आपलं आपण पाठवतंय तेव्हा एक तास जास्त.”

“माझ्या सुनेसारखं,” कुणीतरी मागून म्हणालं. “समोर एक, पाठीमागे एक.”

“तुझी सून निदान जेवायला तरी वेळेवर घालते,” दुसरी म्हणाली.

तूदाने दाख्लाला फोन लावला. शीतगृहाच्या घरघरीत बेलईद ओरडूनच बोलत होता.

“बंद करून चालू केलंस?”

“केलं.”

“मग बायकांनी वाचताना घोळ केला.”

“बेलईदसाहेब, निरोप माझ्यासमोर आहे. नऊ लिहिलंय.”

“मग यंत्राचं घड्याळ चुकलं.”

“घड्याळ बरोबर आहे.”

“मग काहीच चुकलेलं नाही!”

“बाईचा हात मोडलाय,” तूदा म्हणाली, “आणि काहीच चुकलेलं नाही?”

मग बेलईद म्हणाला, “हे बघ, चारला निरोप जायचाय. आत्ता असं कर, स्क्रिप्टमध्येच एक तास वजा कर. तात्पुरतं. ईद झाली की काढून टाक.”

तो शब्द ऐकला आणि माझं काय झालं ते मी सांगू शकत नाही. मला ओरडता येत नाही. मला वाचणाराच मला बोलतं करतो, आणि तोवर मला कुणी उघडलेलं नव्हतं.

इज्जालाही ते पटलं. “कर ना, पोरी. एक तासच तर वजा करायचाय. हिशेब जमला म्हणजे झालं.”

तूदाचं नख तोंडात होतं. ते काढून ती म्हणाली, “लाल्ला इज्जा, ईद कधी येते?”

“आता हे काय? महिना संपला की.”

“म्हणजे चंद्र दिसला की. म्हणजे पुन्हा अमावास्या, पुन्हा उधाण. ईदच्या गडबडीत मी ही वजाबाकी काढायला विसरले, की तुम्ही पुन्हा त्याच खडकावर आणि निरोप उलट्या बाजूने एक तास चुकलेला. या वेळी खाल्ती होती. त्या वेळी कोण?”

तूदाने फोन बंद केला.

“मला चारपर्यंत वेळ द्या. नाही सापडलं तर निरोपच पाठवत नाही. उद्या जाऊ नका.”

“नाही कसं जायचं?” एक बाई म्हणाली. “तू निरोप नाही पाठवलास तर आम्ही अंदाजाने जाऊ. न जाता राहणार नाही कुणी. तुला माहीत आहे.”

तूदाला ते माहीत होतं. म्हणूनच ती त्या बाईकडे न बघता पडद्याकडे वळली.

तोवर तिने स्क्रिप्ट हाताने चालवून बघितली नव्हती, कारण चालवली की निरोप सगळ्यांना गेला असता. आता तिने स्क्रिप्टची एक प्रत केली आणि तिच्यातली निरोप पाठवायची ओळ काढून टाकली. प्रत चालवली. उद्याची ओहोटी: साडेदहा. प्रोग्रामला थेट विचारलं: साडेनऊ.

“सापडला,” ती पुटपुटली. “चोर नाही, पण चोराची गल्ली सापडली.”

केल्तूम तिच्या मागे येऊन उभी राहिली होती. “गल्लीत किती घरं आहेत?”

“थोडी आहेत, खाल्ती.”

मग तूदाने एक गोष्ट केली ती मला फार आवडली. तिने अंदाज बांधले नाहीत. प्रतीच्या सुरुवातीला यंत्राची सगळी सेटिंग छापून घ्यायला सांगितली. पहिली ओळ चालली, पुन्हा सगळी छापली. दुसरी ओळ, पुन्हा. दुसरी ओळ म्हणजे मला वाचायची. तिने दोन कागद शेजारी ठेवले, मला वाचण्याआधीचा आणि वाचल्यानंतरचा, आणि एकेक ओळ बोटाने जुळवत खाली आली. वाटांची ओळ बदललेली होती, ती बदलायलाच हवी होती. आणि खाली एक ओळ होती जी आधीच्या कागदावर नव्हतीच. वेळेच्या प्रदेशाची. कायम एक तास पुढे.

तिने मला उघडलं.

त्याआधी मला वरपासून खालपर्यंत कुणी शेवटचं कधी वाचलं होतं ते मला आठवत नाही. तूदा हळू वाचते. प्रत्येक ओळीवर थांबते. बेलईदच्या शेऱ्यापाशी आली तेव्हा तिने तो मोठ्याने वाचला, मग पुन्हा फोन लावला आणि त्यालाही वाचून दाखवला.

“हे मी लिहिलंय?” बेलईदने विचारलं.

“तुमचं नाव आहे.”

“अपडेट तर आलं होतं.”

“आलं होतं.”

“मग मी काढलं नाही.” त्याचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. “आणि ती फाइल आधी वाच असं तुला सांगणाराही मीच.”

“आणि आत काय आहे ते न बघता वाचायला लावणारी मी,” तूदा म्हणाली. “आता भांडत बसलो तर चार वाजतील.”

“केल्तूमला दे फोन.”

केल्तूमने डाव्या हाताने फोन धरला. बेलईद काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही. केल्तूम एवढंच म्हणाली, “हो. हो. दुखतंय. दुखायचंच. हाड आहे ते, तुझ्या बंदरावरचा बांगडा नव्हे. बरं, अल्ला तुझं भलं करो. येशील तेव्हा साखरेची ढेप घेऊन ये, रिकाम्या हाताने नको. निदान तुझे तरी दोन्ही चालतायत.”

तूदाने ती ओळ पुसली. नुसती झाकून ठेवली नाही, पुसली. मग स्क्रिप्टमध्ये त्या प्रोग्रामचा पूर्ण पत्ता लिहिला आणि डोक्यावरची मला वाचायची ओळ काढून टाकली. प्रत पुन्हा चालवली: साडेनऊ. तेवढ्याने तिचं समाधान झालं नाही. ईदनंतरची, वेळ पुन्हा पुढे गेल्यावरची एक तारीख देऊन बघितली. उन्हाळ्यातली एक दिली. पुढच्या रमजानातली एक. प्रत्येक वेळी संस्थेच्या भिंतीवर लावलेल्या बंदराच्या भरती-ओहोटीच्या तक्त्याशी उत्तर ताडून बघितलं, आणि जिथे तक्ता जुन्या वेळेचा होता तिथे बोटांवर मोजून.

“झालं?” इज्जाने विचारलं.

“झालं.”

“निरोपात लिही,” केल्तूम म्हणाली.

“काय, खाल्ती?”

“चूक कुणाची ते. माझं नाव घालून लिही. कालपासून ज्यांनी माझ्या वयाची चर्चा केली त्या सगळ्यांच्या फोनवर जाऊ दे.”

इज्जा अस्वस्थ झाली. “अगं, निरोप शेजारच्या गावातल्या बायकांनाही जातो. संस्थेचं हसं होईल. उद्यापासून वेळ खरी असूनही कुणी मानणार नाही.”

“आणि माझं हसं झालं ते?” केल्तूमने विचारलं.

तूदा दोघींच्या मधे बसलेली होती. तिने इज्जाकडे बघितलं नाही, केल्तूमकडेही नाही. टाइप केलं आणि वाचून दाखवलं: ‘उद्या ओहोटी सकाळी साडेनऊ. आधीच्या दोन निरोपांत एक तास चुकला होता. ती चूक निरोपाची होती, खाल्ती केल्तूमची नव्हती. तूदा.’

“स्वतःचं नाव कशाला घातलंस?” इज्जा म्हणाली.

“नाव नसलं तर कुणाला विचारायचं ते कळत नाही.”

चार वाजले. पहारेकऱ्याने स्क्रिप्ट उठवली. तिने मला विचारलं नाही, आपलं काम केलं. खोलीतल्या सगळ्या फोनांनी एकदम आवाज केला. बायकांनी फोन काढले. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना शेजारणीने वाचून दाखवलं. हळूहळू खोली रिकामी झाली. संध्याकाळी रोजा सोडायला हरीऱ्याचं सूप चुलीवर चढवायचं होतं. जाताना एकीने केल्तूमचं कपाळ चुंबलं आणि एकीने नुसतंच तिचं पायताण सरळ करून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तूदा लवकर आली. तिने काहीच काम केलं नाही. यंत्र चालू केलं आणि फोन समोर ठेवून बसली. इज्जाने कबूल केलं होतं, घळ ओलांडून सगळ्या अलीकडे आल्या की फोन करेन. केल्तूमही किनाऱ्यावर गेली होती. प्लास्टरच्या हाताने खडकावर जाता येत नाही, पण हाक मारायला हात लागत नाही, असं ती म्हणाली होती.

साडेनऊ झाले. दहा झाले. तूदा उठून दारापर्यंत गेली, परत आली, पुन्हा बसली. वेळ खरी आहे हे तिला माहीत होतं. ती कशी खरी आहे हेही माहीत होतं. तरीही तिचं नख तोंडात होतं.

फोन वाजला. तो तिने कानाला लावला नाही, मोठ्या आवाजावर टाकला.

“आलो,” इज्जा म्हणाली. मागे वारा, लाटा, बायकांचा गलका. “सगळ्या आलो. टोपल्या भरून आलो. पाय घोट्यापर्यंतसुद्धा भिजले नाहीत.”

“सगळ्या?”

“सगळ्या, गं. पण केल्तूम अजून हाका मारतेय. दोनदा मोजलं, तरी म्हणते पुन्हा मोजा. तू सांग तिला. आमचं ऐकत नाही.”

“मोजू दे,” तूदा म्हणाली. आणि मग तिने टेबलावर डोकं टेकलं. मागून केल्तूमची ती लांब हाक येत होती, आणि तूदाने कितीतरी वेळ फोन बंद केला नाही.

त्याला आता बरेच दिवस झाले. ईद झाली, घड्याळं पुढे गेली, निरोप बरोबर जातायत. माझ्यात आता थोड्याच ओळी आहेत. स्क्रिप्ट मला विचारत नाही. बेलईद दूरवरून यंत्रात येत नाही. तूदा खोलीतच बसते आणि खिडकी उघडते. म्हणजे मला कुणीच वाचत नाही. तक्रार नाही. ज्या ओळीमुळे माणसाचा हात मोडला ती अंगावर नाही, एवढ्यानेच मला हलकं वाटतं. इतकी वर्षं उभी होते. आता थोडी बसले आहे, असं समजा.

तुमच्याही यंत्रात माझ्यासारख्या कुणीतरी असतील, टिंबामागे गप्प. त्यांना कधीतरी मुद्दाम बोलवा आणि शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. एखादी ओळ कशासाठी आहे ते आठवत नसेल, तर ती लिहिणाऱ्याला फोन करून विचारा. तो ओरडेल. ओरडू द्या. पण खडकावर माणसं उभी असण्याआधी विचारा.

एवढंच. आता मला बंद करा. यंत्र ‘साठवायचं का?’ असं विचारेल, पण साठवण्यासारखं यात काही बदललेलं नाही.